सांदीचा खारट चहा

सांदी म्लाइली चोपन्न वर्षांचा झाला, तरी हामजू गावात तो पोरच. आमच्या कोमोरोसच्या या बेटावर ज्याने बैल कापून, गावजेवणं घालून मोठं लग्न लावलं, तोच पुरता माणूस. सांदीने साधा निकाह लावला होता. मोठ्या लग्नासाठी साठवलेलं सगळं त्याने तिन्ही मुलींच्या शिक्षणात घातलं, आणि मुली शिकून फ्रान्सलाच राहिल्या. "ना थाट, ना लेकी," त्याची बायको एशाता म्हणायची. "तेलही गेलं, तूपही गेलं!"

राजधानीत मात्र त्याच्यावाचून पान हलत नसे. पाणी खात्यात माणसं चार, गाडी एक, आणि अख्ख्या देशातलं बोअरचं पाणी पास-नापास करणारी सही एकट्या सांदीची. देशच एवढासा, दुसरा माणूस आणायचा कुठून? तिथे मंत्री त्याच्या सहीसाठी ताटकळायचा, आणि गावी आला की हाच साहेब मोठ्यांच्या बैठकीत किटली घेऊन फिरायचा. पोरांनी चहा वाढायचा, तोंड उघडायचं नाही. उघडलं की बहिष्कार.

यंदा परदेशी मदतीतून हामजूला बोअर मंजूर झाली. देशात खोदायचं मोठं यंत्र एकच. ते महिनाअखेरीला दुसऱ्या बेटावर जाणार, मग दहा वर्षं परत यायचं नाव नको. मोठ्यांनी जागा ठरवली ती समुद्राकडची, मशिदीसमोरची. उद्घाटनाच्या पाहुण्यांचे फोटो झकास यायला हवेत ना! सांदीने दोन ठिकाणी चाचणीची बारीक भोकं पाडली. वरच्या माळावर गोडं पाणी लागलं, मशिदीसमोर खारं. त्याने मोठ्यांना अहवाल पाठवला. पोराचा कागद वाचतो कोण?

शुक्रवारी नमाजानंतर बैठक बसली. सांदीने किटली भरली ती मशिदीसमोरच्या भोकातल्या पाण्याने. चहा वाढला आणि मुकाट मागे उभा राहिला.

पहिल्याच म्हाताऱ्याने थू केलं. "अरे, समुद्र उकळून आणलास काय?"

मोठ्यांनी विचारलं तर पोराला उत्तर देता येतं. "तुमच्या बोअरचं पाणी आहे, बाबा. जन्मभर हेच प्यायचंय, म्हटलं आत्तापासून सवय लागू दे."

सगळ्यांनी कप खाली ठेवले. मग गावाचे प्रमुख म्बेशेझीबाबा यांनी कप उचलला, एका दमात संपवला आणि मिशी पुसली. "साखर कमी पडली. आण आणखी."

मग काय! सगळ्यांनी डोळे मिटून चहा घशाखाली उतरवला. जागा तीच राहिली.

सांदी किटली विसळत होता, तेवढ्यात म्बेशेझीबाबांनी त्याला भिंतीआड ओढलं. "गाढवा, जीभ मलाही आहे! पण मंत्र्यासमोर शब्द दिलाय मी. चहा गिळता येतो, शब्द नाही गिळता येत."

"मग गावाने खारं पाणी प्यायचं?"

"तू सही करू नकोस. सरकारच नाही म्हणालं, तर आम्ही काय करणार? पण पोराने गावाचा शब्द मोडला, म्हणजे बहिष्कार. तो मीच पुकारणार, आणि चांगला ओरडून पुकारणार."

"किती दिवस?"

"तू मोठं लग्न लावेपर्यंत."

म्हणजे कायमचा. घरी एशाताने सगळं ऐकून घेतलं. "आपल्या मयतीलाही कोणी येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग माझ्याकडे बघतोस कशाला? कर काय करायचं ते," ती म्हणाली आणि उठून चुलीपाशी गेली.

सोमवारी सांदीने मशिदीसमोरची जागा नापास केली आणि माळ पास केला. यंत्र माळावर चढलं. नवव्या दिवशी पाणी लागलं, बायका नाचल्या, बोकड कापला. आणि म्बेशेझीबाबांनी भर चौकात सांदीला शिव्या घालत बहिष्कार पुकारला. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे जेवायचं नाही, गावच्या पाण्याचा थेंब द्यायचा नाही.

आता गावाचा नळ सांदीच्या दारावरून जातो, आणि एशाता पावसाच्या टाकीतलं पाणी फडक्यातून गाळते. महिन्यातून एकदा सांदी सरकारी बाटली घेऊन माळावर जातो, पाणी तपासतो, चाखतो, वहीत 'पिण्यास योग्य' लिहितो. बाटलीत उरलेलं पाणी तिथेच ओततो.

"कसं आहे रे?" तो घरी आला की एशाता विचारते.

"गोड आहे गं," सांदी म्हणतो.