ओल्या हवेतला नेम

आम्ही ज्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, त्या घराच्या आयरिश मालकिणीने एका शनिवारी सकाळी मला विचारलं, "तू कारखान्यात मोजमापाचं काम करतेस ना? मग माझ्याबरोबर रायफल निवडायला चल."

मी चहाचा कप खाली ठेवला. लिक्सलिपच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात मी मोजमाप विभागात होते, हे खरं. केसाची जाडी म्हणजे डोंगर, असं मानणारी ती जागा. पण बंदूक मी आजवर फक्त पुण्यातल्या बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर पाहिली होती, आणि ती कधी चालत असेल असं मला वाटलं नव्हतं.

नवरा क्लोनडॉकिनला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "अगं, तुमच्याकडे अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं ठेवतात. आणि तू शिकारीच्या रायफलचं सिलेक्शन करणार? ॲक्च्युअली हे आईंना फोनवर सांगूच नकोस यार."

आईला मी सांगितलं नाही. पण मालकिणीला हो म्हटलं होतं, कारण ती का विचारते आहे हे मला ठाऊक होतं.

तिने साठी ओलांडली होती. किल्डेअर संपून विकलोचे डोंगर सुरू होतात तिथे तिची जमीन, थोडी गुरं आणि घरामागच्या उतारावर तिने आणि नवऱ्याने मिळून लावलेली ओकची झाडं. नवरा आजारी पडला त्या वर्षी झाडं गुडघ्याएवढी होती. तो गेला, आणि झाडं गुडघ्याएवढीच राहिली. डोंगरातली सिका जातीची हरणं रोज संध्याकाळी उतरायची आणि प्रत्येक झाडाचा कोवळा शेंडा खुडून न्यायची. एवढ्या उताराला हरणांचं कुंपण घालणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून आदल्या हिवाळ्यात तिने ओळखीतल्या एका शिकाऱ्याला परवानगी दिली. त्याने एका मादीवर गोळी झाडली, ती लागली भलतीकडेच, आणि अंधार पडला म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी मालकिणीला ती मादी चरात सापडली, जिवंत. शेजारचा माणूस बंदूक घेऊन येईपर्यंत मालकीण त्या मादीपाशी चिखलात बसून राहिली होती.

हे सांगताना ती कधी रडली नाही. ती एवढंच म्हणायची, "यापुढे माझ्या जमिनीवर मारायचं तर मी मारीन. एका गोळीत. माझ्या हातून एक जरी जखमी होऊन पळाली, तर बंदूक परत आणि झाडं देवाच्या हवाली." ती तसं करणारच, याबद्दल मला शंका नव्हती. त्यामुळे रायफल अचूक हवी होती. आणि पैसे बेताचे होते.

बंदुकांचं दुकान एका छोट्या गावात, मासेमारीचे गळ आणि रबरी बूट विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या भागात होतं. काचेच्या कपाटात कोरीवकाम केलेल्या देखण्या रायफली होत्या, त्यांच्याकडे तिने बघून न बघितल्यासारखं केलं. अडचण अशी की दुकानात रायफल उडवून पाहता येत नाही. आधी निवडायची, मग तिच्या नंबरावर पोलिसांकडे, म्हणजे तिथल्या भाषेत गार्डांकडे, परवान्याचा अर्ज करायचा, आणि परवाना आल्यावरच ती हातात मिळणार. चुकली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट, आणि तोवर हंगाम गेलेला. साडीसुद्धा आम्ही खांद्यावर टाकून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि इथे हे.

पण न चालवता वस्तू तपासायची म्हटल्यावर मला चेव आला. तेच तर माझं काम. मी दुकानदाराला प्रश्न विचारून हैराण केलं. त्याने शांतपणे समजावलं की कारखान्यातून येणाऱ्या साध्या रायफलींच्याही नळ्या आता चांगल्या असतात. फरक पडतो तो लाकडाच्या दस्त्यात नळी कशी बसली आहे त्याने. नळी पुढच्या बाजूला मोकळी हवी. दस्ता तिला टेकला की तो तिला ढकलतो आणि नेम सरकतो. हे मला लगेच पटलं. मोजताना वस्तूला हात लागला की माप बिघडतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

सगळ्यात स्वस्त होती ती काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची. मी तिच्या पुढच्या टोकाला अंगठ्याने दाबलं तर ते वाकून नळीला टेकलं. ती बाद. दुसरी छान होती, पण तिचा दस्ता इतका लांब की मालकिणीला मान ताणून वर बसवलेल्या नमुन्याच्या दुर्बिणीत बघावं लागत होतं. तिसरी अक्रोडाच्या लाकडाची, साधी, नक्षीबिक्षी काही नाही. चाप हलका आणि स्वच्छ. खांद्याला लावली तर डोळा आपोआप दुर्बिणीसमोर आला. मी दुकानदाराकडून कागदाची पट्टी मागून घेतली आणि नळी व लाकूड यांच्यामधून सरकवली. टोकापासून मागपर्यंत पट्टी सुळकन गेली. हीटर लावलेल्या त्या उबदार दुकानात आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खूश झालो. उरलेल्या पैशात तिने बऱ्यापैकी दुर्बीण घेतली. मी सांगितलं होतं की डोळ्यावर काटकसर करू नये.

परवाना आला तो सप्टेंबरच्या कोरड्या, सोनेरी दिवसांत. खालच्या कुरणात मातीच्या उंच बांधापुढे तिने कागद लावला आणि मी कानांत बोळे घालून मागे उभी राहिले. गोळ्या मधल्या ठिपक्यावर, एकमेकींना चिकटून पडल्या. मी व्हर्नियर घेऊन कागदाकडे धावले. ती म्हणाली, "ग्रँड," म्हणजे तिथल्या भाषेत ठीक, आणि एवढं बोलून चहा ठेवायला गेली. पण जाताना तिची पाठ ताठ झाली होती. नवरा गेल्यापासून ती अशी चाललेली मी पाहिली नव्हती.

मादी मारायचा हंगाम नोव्हेंबरात उघडला. आणि पाऊस तर त्याआधीच सुरू होऊन कंटाळला होता. एका दुपारी तिने मला बरोबर नेलं. उतारावरच्या दगडी भिंतीशी आम्ही ओल्या गवतात बसलो. थोड्या वेळाने एक मादी बाहेर आली, आडवी उभी राहिली. मालकिणीने भिंतीवर पिशवी ठेवून त्या पिशवीवर रायफल टेकवली. घाई नाही, थरथर नाही. आवाज झाला. मादीने एक उडी घेतली आणि ती झाडीत दिसेनाशी झाली.

आम्ही उजेड संपेपर्यंत गवत चाळलं. रक्त कुठेच नव्हतं. मिळाले ते फक्त पाठीवरचे केस, पुंजकाभर, कापून काढल्यासारखे. म्हणजे गोळी पाठीला चाटून वरून गेली होती. मला हायसं वाटलं. तिला नाही. तिने ते केस तळहातावर धरले आणि म्हणाली, "थोडी खाली गेली असती तर कणा मोडून फरफटत गेली असती ती. माझे हात म्हातारे झाले गं." मी काहीबाही बोलले, ते तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने रायफल पुसून लोखंडी कपाटात ठेवली आणि त्यानंतर तिचं नावही काढलं नाही. संध्याकाळी हरणं उतरली की ती स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायची. तो पडदा बघून मला फार वाईट वाटायचं. एवढी खमकी बाई अशी मुकाट्याने हरलेली मला बघवेना.

मग एका रविवारी नवरा आमच्या स्वयंपाकघरात कपाटाशी झटापट करत होता. कपाटाला तिथे प्रेस म्हणतात आणि एव्हाना आम्हीही म्हणत होतो. "हा प्रेस परत फुगला यार," तो दार हिसडत म्हणाला. "पुण्याला आपल्या बाथरूमचं दार जुलैत असंच करतं बघ. दर वर्षी सुताराला बोलवा आणि रंधा मारा."

मी पोळी तव्यावर तशीच टाकून उठले. पोळी करपली.

मी धुळीचा कणही वर्ज्य असलेल्या खोलीत काम करत होते. तिथे उन्हाळा नाही, पाऊस नाही, हवेतली ओलसुद्धा बारा महिने एकाच आकड्यावर बांधून ठेवलेली. माप म्हणजे एकदा घेतलं की घेतलं. पुण्यात वाढलेल्या मुलीला लाकूड पावसाळ्यात फुगतं हे कुणी सांगायला लागत नाही, आणि मी नेमकं तेच अंगात पांढरा झगा चढवल्यापासून विसरले होते.

मी धावत पुढच्या घरात गेले. तिने आधी ऐकूनच घेतलं नाही. "तू माझी समजूत काढतेस," ती म्हणाली. "आणि ते चांगलं आहे तुझं. पण पुरे आता."

"मग समजूत म्हणू नकोस, मोजून बघ," मी जरा चिडूनच म्हटलं. "कपाट उघड."

तिने रायफल टेबलावर ठेवली. मी वर्तमानपत्राची पट्टी फाडून नळीखाली घातली. पट्टी मधोमध हलत होती, पण टोकाशी आली आणि अडकली, ओढली तर फाटली. मालकिणीने माझ्या हातून दुसरी पट्टी घेतली आणि स्वतः घालून बघितली. तीही फाटली. मग तिने कोट चढवला आणि आम्ही पावसात खालच्या कुरणात गेलो. तिने पुन्हा कागदावर गोळ्या झाडल्या. भोकं सगळी कागदाच्या वरच्या अंगाला, मधल्या ठिपक्यापासून जवळजवळ वीतभर वर. पण सगळी एकमेकांना चिकटून.

ती त्या भोकांकडे बघत उभी राहिली. "हात माझे ठीक आहेत," ती हळूच म्हणाली. आणि मग ती रडली. मादीबद्दल सांगताना जी रडली नव्हती ती बाई भर पावसात कागदासमोर उभी राहून रडली, आणि मी तिचा ओला कोट धरून उभी राहिले.

लाकडाचं काम मी केलं. दस्ता सोडवून घेतला, माझ्या फुलक्यांच्या बारीक लाटण्याला सँडपेपर गुंडाळला आणि नळीच्या खाचेत आतून घासत बसले. नवऱ्याने जाहीर केलं की या लाटण्याची पोळी तो खाणार नाही. खाच मोकळी झाल्यावर आतल्या उघड्या लाकडाला व्हार्निशचे हात दिले, म्हणजे पुढच्या पावसात पाणी शिरायला नको. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, तिथला हॉट प्रेस, त्यात तिच्या चादरींच्या शेजारी तो दस्ता वाळत पडला. मालकीण आल्यागेल्याला दार उघडून दाखवायची.

पुन्हा जोडून, पुन्हा नेम जुळवून, तिने रायफल मुद्दाम गोठ्याच्या ओसरीत ओल्या हवेत ठेवली. काही दिवसांनी पट्टी सरकवली. गेली. पावसात झाडून पाहिली. गोळी मधल्या ठिपक्यावर.

जानेवारीत ती म्हणाली, "चल." या वेळी मला जायचं नव्हतं. कागदाला भोक पडणं वेगळं. पण मी लाटण्यासकट या कामात उतरले होते, आता घरात बसून राहणं बरं दिसलं नसतं. आम्ही त्याच भिंतीशी बसलो. रिपरिप चालू होती. एक मादी खाली आली, मान खाली घालून चरायला लागली, मग डोकं वर केलं. मालकीण बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग तो थांबला.

मादी उभ्या जागी खाली बसली, जणू कुणी तिचे पाय काढून घेतले. मग हललीच नाही.

आम्ही वर गेलो. मला वाईट वाटत होतं, आणि बरं वाटत होतं म्हणून आणखी वाईट वाटत होतं. मालकीण तिच्या डोक्यापाशी गुडघे टेकून बसली आणि तिने तिच्या मानेवर हात ठेवला. मी वाकून बघितलं. मादीच्या ओठांत गवताच्या हिरव्या काड्या होत्या, अर्ध्या चावलेल्या. पुढचा घास घ्यायचा राहिला होता, एवढंच.

"हिला कळलं नाही," मालकीण म्हणाली.

"नाही कळलं," मी म्हटलं.

तिने बोटांनी त्या काड्या तिच्या ओठांतून हलकेच काढल्या आणि बाजूला ठेवल्या. पाऊस वाढत होता. आम्ही दोघी तिच्यापाशी तशाच बसून राहिलो.