गीत चालू असताना

माझी बायको एस्तेर गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी देवळात आमच्या नेहमीच्या बाकावर एकटाच बसलो. दारातच सगळ्यांनी सलाम केला होता, हात हातात घेतला होता. 'ती प्रभूजवळ आहे,' असं पुष्कळजण म्हणाले. माझाही तोच विश्वास आहे. पण घरी परतल्यावर दार उघडायला ती नसणार होती.

पाळकांनी गीत सांगितलं आणि मंडळी उभी राहिली. एस्तेर पोळ्या लाटताना गुणगुणायची तेच गीत होतं. मला उठवेना. समोर नुसत्या पाठी दिसत होत्या आणि गाणं त्यांच्या पलीकडे चाललं होतं. रिकाम्या घरातही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या मार्थाबाई खाली बसल्या. सत्तरी ओलांडली तरी गीताच्या वेळी त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गुडघे दुखतात का?" मी हळूच विचारलं.

"दुखतात की. पण त्यासाठी नाही बसले," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटेच बसलात ना, भाऊ."

आम्ही सगळे ख्रिस्ताचं एक शरीर आहोत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. माझं दुखणं दुसऱ्या कुणाला दुखताना मात्र त्या दिवशी पाहिलं.

एस्तेर गेल्यापासून न आलेलं रडू तेव्हा आलं. मार्थाबाईंनी मला आवरायला सांगितलं नाही. शेवटचं कडवं संपेपर्यंत त्या तशाच माझ्याजवळ बसून राहिल्या.