जावक झालेले अकरा देश

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: आमच्या भूगोलाच्या बाईंना अकरा देशांनी उत्तर दिलं नाही, यात त्या देशांचा काडीचाही दोष नाही. दोष माझा. मी पारनेर तालुक्यातल्या त्या शाळेचा क्लार्क.

आख्खं जग एका वर्गात भरवणारी अशी बाई दुसरी झाली नसेल. हवामान बदलावर कुठला देश काय करतो हे शोधायला त्यांनी आठवीच्या अकरा पोरांना एकेक देश वाटून दिला, आणि त्या दिवसापासून पोरांची नावंच विसरल्या. "ए नेदरलँड, फळा पूस." "जपान, आधी नाक पूस." पालकसभेत एका बापाला म्हणाल्या, "तुमच्या ब्राझीलकडं जरा लक्ष द्या." तो बिचारा घरी जाऊन पोराला दरडावत बसला, "काय रं, हे कसलं नवीन येसन लावून घेतलं?"

दर शुक्रवारी शेवटच्या तासाला जगाची ग्रामसभा. ग्रामसभेच्या जोरावर सावरलेल्या हिवरे बाजार गावाला सहल नेऊन आणल्यापासून बाईंचं ठाम मत, की जगाचं सगळं अडलंय ते ग्रामसभा भरत नाही म्हणून. हात वर करून ठराव, इतिवृत्तावर सह्या, सगळं रीतसर. एकदा ऐन ठरावाला अमेरिका गैरहजर.

"कुठं गेली?"

"कांदं लावाया, बाई. आई घिऊन गेली तिला."

"मग सभा तहकूब. नाहीतर उद्या म्हणेल, मला कुणी विचारलंच नाही."

मोबाईलवर शोधून झाल्यावरही बाईंचं समाधान होईना. "ते सगळ्या जगाला सांगितलेलं. आपल्याला काय सांगतात ते बघू." म्हणून पोरांनी अकरा वकिलातींना पत्रं लिहिली, बाईंनी रात्रंदिवस खपून ती इंग्रजीत केली. ज्याच्या वस्तीवर टँकर येतो त्या नेदरलँडनं विचारलं होतं, "तुमच्याकडं पाणी लई होतं म्हणे. मग तुमी ते ठेवता कुठं?"

गठ्ठा माझ्याकडं आला. शाळेतून कागद बाहेर जायचा तर जावक नोंदवहीत क्रमांक हवा आणि मुख्याध्यापकांची सही. क्रमांक मी लगेच टाकले. मुख्याध्यापक रजेवर, म्हणून पाकिटं कपाटात ठेवली. ते आले तोवर परीक्षा, मग शिष्यवृत्तीचे फॉर्म. बाईंनी विचारलं, "भाऊसाहेब, गेली का?" मी नोंदवही उघडून दाखवली. "ही बघा, गेली." क्लार्कच्या जगात तेवढ्यानं कागद गेलेला असतो.

मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन फाटकात दिसला की बांगलादेश वर्ग सोडून पळायची.

"काका, आमचं आलं?"

"न्हाई गं, इम्याच्या हप्त्याचं हाय, हेडसरांचं."

बाई समजूत काढायच्या, "देश मोठा असला की टपाल साचतं, बाळा." मी समोरच्या टेबलावर बसून ऐकायचो आणि शिक्के मारायचो. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. पोरं दहावी होऊन पांगली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ आटोपल्यावर हातातला नारळ सावरत माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊसाहेब, एखाद्या देशाचं आलंच, तर फोन करा हं. बांगलादेश राहुरीला शेतकी शिकतेय. परवा भेटली, तर तिनं आधी तेच विचारलं."

मी "हो" म्हणालो.

गठ्ठा अजून कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. पाकिटांवर बाईंचं गोल अक्षर तसंच टवटवीत. बाईंना मी एक फोन देणं लागतो. आणि त्या अकरा पोरांना, एकेकाला, माझ्या हातचं एकेक पत्र.