दाजींचा होकार

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, लग्नाआधीपासून सलून चालवतात. त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. मानेवर वस्तरा असताना माणूस आधीच जीव मुठीत धरून बसलेला असतो. त्यात त्याचं म्हणणं खोडलं, तर पुढच्या वेळी तो समोरच्या दुकानात जातो.

मुलांना करोनाची लस द्यावी की नाही यावरून सगळी गल्ली भांडत होती, तेव्हा मास्तर खुर्चीत बसून म्हणायचे, "मुलांना दिलीच पाहिजे." दाजी म्हणायचे, "दिलीच पाहिजे." मास्तर उठले की ठेकेदार बसायचा. "आपली पोरं काय प्रयोगाला ठेवलीत?" त्याच्या कानामागचे केस उडवत दाजी म्हणायचे, "तेच तर." दोघंही खूश. मलाही तेव्हा हसूच आलं होतं.

घरी खुर्ची नव्हती, पण सवय तीच.

त्यांची मुलगी तेरा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिला दमा आहे. एकदा श्वास लागून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा ताई पलंगाशेजारी उभीच होती, बस म्हटलं तरी बसेना. आणि भिंगरी लहान असताना कुठल्याशा औषधाच्या इंजेक्शनने तिचा चेहरा सुजला होता, ओठ निळे पडले होते. तेव्हा ती आपल्या आजीच्या, म्हणजे ताईच्या सासूबाईंच्या मांडीवर होती. म्हणून ताई आजाराला घाबरायची आणि सासूबाई सुईला. दोघींची भीती खरी होती. एकीला अडाणी म्हणून गप्प करता आलं असतं तर सोपं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. "आजार झाला तर दम्यामुळे हिला जास्त त्रास होऊ शकतो, लसीने तो धोका कमी होतो. लसीची मोठी रिअ‍ॅक्शन क्वचितच येते. तेव्हाचं औषध वेगळं होतं, त्यामुळे माझ्या मते द्यावी. फक्त लसीच्या केंद्रात ते आधी सांगा आणि टोचल्यावर अर्धा तास थांबा. पण काहीच होणार नाही असं लिहून मागाल, तर ते कुणीच देणार नाही."

"बरोबर," दाजी म्हणाले.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "रविवारी मला कामावर जायचंय. तुम्ही न्या तिला." दाजी हो म्हणाले. ती आंघोळीला गेल्यावर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "पोरीला टोचू नकोस रे. माझ्याच्याने पुन्हा बघवणार नाही." दाजी त्यांनाही हो म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रविवारी त्यांनी भिंगरीला सलूनमध्ये नेलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि दोघं आत बसून राहिले. फिरती खुर्ची फिरवून फिरवून ती कंटाळली. संध्याकाळी ताईने विचारलं, "झालं ना?" दाजी म्हणाले, "हं." स्वयंपाकघरात सासूबाईंनी कुजबुजत विचारलं, "नाही ना टोचलं?" दाजी म्हणाले, "नाही." वेळ मारून नेली. लस घेतल्याचा मेसेज का आला नाही म्हणून ताईने विचारलं, तर म्हणे उशिरा येतो. आणि पोरीला बजावलं, आईला सांगू नकोस.

त्यानंतर ताई निर्धास्त झाली. भिंगरीला वर्गासोबत सहलीला पाठवलं, खोकणाऱ्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ दिलं. दाजी दर वेळी दारापर्यंत जात, तोंड उघडत आणि "मास्क लाव गं" एवढंच म्हणत. रात्री तिला खोकला आला की उठून बसत.

मग दुसऱ्या डोसची वेळ आली. ताई म्हणाली, "मी रजा टाकलीय. आपण तिघंही जाऊ." सोबत म्हणून मलाही घेतलं. वाटेभर दाजी मागे मागे चालत होते. मला वाटलं, सुईला घाबरले असतील.

केंद्रात नर्सने भिंगरीची बाही वर केली. "पहिला की दुसरा?"

"दुसरा," ताई म्हणाली.

भिंगरीने बापाकडे पाहिलं. पोरीचा चेहरा इतका म्हातारा मी कधी पाहिला नव्हता.

"पहिला," दाजी म्हणाले. "त्या दिवशी मी नेलंच नव्हतं."

नर्सने विचारलं, पूर्वी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन? तेही दाजींनीच सांगितलं, सगळं. नर्स आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. "देता येईल. अर्धा तास थांबावं लागेल. देऊ ना?"

दाजींनी ताईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. या वेळी हो म्हणायला समोर कुणाचं मतच नव्हतं.

"द्या," ते म्हणाले.

आम्ही चौघं बाकावर बसलो. दाजींची नजर पोरीच्या ओठांवरून हलेना. अर्धा तास संपत आला तेव्हा ताई बोलली, हळू, नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून. "सहलीला पाठवताना मी तुम्हाला विचारलं होतं, पाठवू ना? काय म्हणालात?"

दाजी मान खाली घालून म्हणाले, "हो."