लेकीचं ऑपरेशन आणि झडतीबाई

शर्टांच्या कारखान्याच्या फाटकावर, सुट्टी झाली की बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घेण्यात जिचा उभा जन्म गेला, तिला फसवायच्या भानगडीत कुणी पडू नये. सगळे त्यांना झडतीबाईच म्हणत. खरं नाव पगाराच्या पाकिटाला तेवढं ठाऊक. आणि नेमकी त्यांचीच लेक नि जावई त्यांच्यापासून काहीतरी लपवत होते. बाईंना तसा दाट संशय होता.

लेकीचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, घरी आणलंय, एवढंच जावयानं फोनवर सांगितलं होतं. तेही झाल्यावर! लेकीच्या पोटाला सुरी लागते आणि आईला शिळी बातमी देतात, याला काय म्हणायचं? बाई बॅग भरून हजर झाल्या. दार उघडलं तर लेक कमरेत वाकून, भिंत धरून चाललेली. गाऊनखाली पोटावर रुंद पट्टा आवळलेला. पट्ट्याखालून दोन नळ्या निघालेल्या, टोकाला रबरी फुगे, आणि त्यांत लालसर पाणी.

"हर्नियाला दोन नळ्या?" बाईंनी विचारलं.

"लागतात कधीकधी," जावई म्हणाला आणि चहा टाकायला पळाला.

लागतात म्हणे! कारखान्यातल्या शिपायाला हर्निया झाला होता, तो थोड्याच दिवसांत शिट्ट्या मारत फिरत होता. इथं पोरगी साधी शिंकली तरी पोटावर उशी दाबून कळवळत होती. गुडघ्यांखाली उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपायची. फुगे रिकामे करायची वेळ झाली की जावई खोलीचं दार लोटून घ्यायचा. "मी करते की," म्हटलं तर, "राहू द्या आई, तुम्हाला बघवणार नाही." अहो, लेक माझी, पोट तिचं, आणि बघवणार नाही कुणाला? मला? कमरेला कापड गुंडाळून नेणारी बाई नुसत्या चालीवरून ओळखणाऱ्या झडतीबाईंना? इथं नक्की पाणी मुरत होतं.

मग संध्याकाळी गॅलरीत कपडे काढायला गेल्या, तेव्हा पलीकडच्या खिडकीतून जावयाचं बोलणं कानावर पडलं. "ती ठीक आहे, दादा. तू तुझी तब्येत सांभाळ. नाही, आईंना काही कळू दिलेलं नाही."

हा दादा म्हणजे जावयाचा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या, सगळं घर दुसरी किडनी शोधत होतं. सापडली वाटतं! बाईंनी ओले-सुके कपडे एकत्रच बादलीत कोंबले, न्हाणीघरात शिरल्या, नळ सोडला आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. "माझ्या पोरीची किडनी काढली गं मेल्यांनी!"

"अगं बाई!" बहीण किंचाळली. "पोलिसात जा आधी."

"आधी माझ्या डोळ्यांनी बघते."

दुसऱ्या दिवशी जावई जुळ्या नातवंडांना शाळेत सोडायला गेला, तशी बाईंनी आतून कडी घातली. "पट्टा सोड. आणि खरं सांग, किडनी दिलीस ना त्या दादाला?"

लेकीला हसूच फुटलं, आणि हसता हसता कळ आली. "आई गं! हसवू नकोस, टाके ओढतात. दादा अजून डायलिसिसच्या मशीनवरच आहेत. विचार हवं तर त्यांना." तिनं हळूच पट्टा सोडला. ओटीपोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत एक लांबलचक काप होता. सुजलेलं, निळं पडलेलं, पण सपाट पोट. "जुळ्यांनंतर कातडी लोंबत होती ना, ती कापून काढली. आतून आवळून शिवलं. बाकी सगळं जागच्या जागी आहे."

पोरगी शाबूत होती. बाईंना रडूच आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की विचारू नका. "एवढ्यासाठी? दिसण्यासाठी? कोण बोललं तुला? नवरा? सासू? नाव सांग नुसतं, एकेकाला बघते!"

लेक पट्टा पुन्हा आवळत होती. तिनं मान वर केली नाही.

"हे तर नकोच म्हणत होते," ती म्हणाली. "तू बोललीस, आई. दर वेळी दारातच माझ्या पोटावर थाप मारायचीस. 'काय गं, आज काय चोरून चालवलंस?' पाहुण्यांसमोर, ह्यांच्या ऑफिसातल्या माणसांसमोर. सगळे हसायचे. मीपण हसायचे."

"अगं, गंमत होती ती," बाई बोलून गेल्या, आणि तोंडातून निघताच ते त्यांनाच ऐकवेना. पोरगी प्रत्येक वेळी हसली होती, त्यांना चांगलं आठवत होतं. "चुकलं माझं, बबडे. फार चुकलं."

"मावशीला सांगू नकोस. कुणालाच नको. परत सगळे हसतील."

तेवढ्यात फोन वाजला. मावशीच होती. "काय निघालं गं? मी इकडे सगळ्यांना सांगून बसलेय! आमचे हे वकिलाशीही बोलले."

खरं काय ते एका वाक्यात सांगितलं असतं तर बाईंची लाज राहिली असती. उलट, काप पहिल्यांदा आपणच बघितला, अशी ऐटही मिरवता आली असती. लेक दोन्ही हात पट्ट्यावर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"हर्नियाच आहे," बाई म्हणाल्या. "जावई सोन्यासारखा माणूस आहे. ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना परत फोन कर, आणि माझंच डोकं फिरलं होतं म्हणून सांग."

पलीकडे बहीण खदाखदा हसली. "म्हातारी झालीस गं ताई! इतकी वर्षं फाटकावर उभी राहिलीस, आणि पोटच्या पोरीचं तुला कळलं नाही?"

"नाही कळलं," बाई म्हणाल्या.