रंगराव तापाने आडवा आहे

प्रशांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पहारेकऱ्याला बुरुजावरून खाली ढकलत होते. म्हणजे मी नाही, माझी रणू. जेल रोडवरच्या मकरंदच्या फ्लॅटमध्ये आम्ही दर शनिवारी संध्याकाळी जमतो आणि फासे टाकून एक गोष्ट खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं, मकरंद गोष्ट पुढे नेतो आणि आपलं पात्र प्रसंगातून सुटलं की जखमी झालं हे फासे ठरवतात. चाळिशी ओलांडलेली माणसं टेबलाभोवती बसून 'मी दोरीला लटकून जहाजावर उडी मारते' असलं काहीतरी बोलतात, हे ऐकून माझ्या शाळेतल्या बायकांना हसू येतं. येऊ दे. आठवडाभर मी पोरींना कवायत शिकवते आणि मुख्याध्यापकांचं निमूट ऐकून घेते. शनिवारी मला कुणाचं तरी डोकं फोडायचं असतं. त्या शनिवारी प्रशांत उशिरा येणार होता. फोन इरफानने घेतला. "कुठे?" एवढंच त्याने विचारलं. मग त्याने हातातले फासे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "पश्याला मारलंय हायवेवर. गेला तो."

प्रशांत, इरफान, मकरंद आणि मी एकाच कॉलेजातले. मकरंद पुढे प्रिंटिंगच्या धंद्यात गेला, इरफानने वडिलांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळलं आणि प्रशांत विंचूरच्या कांदा बाजारात लिलावाच्या नोंदी करायला लागला. रोज स्कूटरवरून जा-ये. लिलाव म्हणजे रोजची भांडणं. ट्रॉली उपसली की वरचा माल आणि खालचा माल सारखा निघत नाही, व्यापारी भाव पाडतो, शेतकरी त्याची कॉलर धरतो. प्रशांतची तिथली एक पद्धत होती. भांडण पेटलं की तो दोघांच्या हातात एकदमच चहाचे कप द्यायचा, तेही काठोकाठ भरलेले. "हातात कप आला की कॉलर सुटतेच गं," तो मला सांगायचा. "चहा सांडवायला कुणी तयार नसतं." हे दर वेळी जमायचं असं नाही. एका भांडणात त्याचा पुढचा दात पडला. पुढे तो ती फट तशीच घेऊन फिरला आणि त्यावर स्वतःच हसला.

मकरंदने हा खेळ आणला तेव्हा पहिली संध्याकाळ पात्रं तयार करण्यात गेली. करंजगड नावाचं एक समुद्रकाठचं राज्य त्याने मनाने रचलं होतं. म्हातारा राजा, फितूर सरदार, जहाजं, गच्चीवरून गच्चीवर उड्या आणि पावलोपावली तलवारी. प्रत्येकाला ठरावीक गुण मिळाले होते. ते अंगातली ताकद, हत्यार, बुद्धी, जीभ आणि दरबारातला मान अशा पाच ठिकाणी वाटायचे होते. मी सगळे ताकदीत आणि हत्यारात ओतले आणि रणू जन्माला आली. इरफानने जहाजाचा कप्तान केला. प्रशांत मात्र पेन्सिल चावत बसून राहिला. शेवटी म्हणाला, "मी दरबारी माणूस होतो. सरदार. श्रीमंत रंगराव करंजगडकर."

त्याने हत्यारात काहीच टाकलं नाही. ताकदीतही नाही. थोडं बुद्धीत ठेवलं आणि बाकी सगळं जिभेत आणि मानात. मकरंद वैतागला. "अरे, हा मारामारीचा खेळ आहे. पहिल्याच चकमकीत मरशील."

"चकमकीपर्यंत जाऊच कशाला द्यायचं?"

मग त्याने रंगरावाला नटवायला घेतलं. जरीकाठी अंगरखा, कानात अत्तराचा फाया, मिशीला पीळ, चालताना किंचित लंगडणं. लंगडणं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, लंगड्या माणसावर तलवार उपसताना समोरचा क्षणभर थांबतो, तेवढा वेळ बोलायला पुरतो. आजोबा कोण, जहागीर कुठली, राजाच्या मुंजीत आजोबांनी काय आहेर केला, राणीसरकार कोणत्या मेव्हणीवर रुसल्या आहेत, हे सगळं त्याच्याकडे तयार. विंचूरला कोण व्यापारी कुणाचा साडू हे जसं त्याला पाठ होतं तसंच. शेवटी खेळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पात्राला एक खोड द्यायची होती. मी रणूला तापट केलं, म्हणजे फार विचार करावा लागला नाही. प्रशांतने लिहिलं, 'भांडण दिसलं की मधे पडतो.' मकरंद म्हणाला, ही काही खोड नाही. प्रशांतने पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावून दाखवली.

रंगरावाने मला किती वेळा छळलं, काय सांगू. काळ्या पागेचा नाईक भैरोजी हा आमचा जुना वैरी. एकदा भर दरबारात त्याने रणूचा अपमान केला आणि द्वंद्व ठरलं. कितीतरी शनिवार मी या क्षणाची वाट पाहत होते. मला त्याचं नरडं कापायचं होतं. तलवारीला हात घातला तोच रंगराव विड्यांचं तबक घेऊन दोघांच्या मधे उभा. "विडा तोंडात असताना शस्त्र उपसणं हा गादीचा अपमान आहे," प्रशांत खर्जात म्हणाला. मकरंदने विचारलं, असा नियम कुठे आहे? "करंजगडात आहे. आत्ताच झाला." आम्ही विडे चघळत उभे, आणि हा बोलतोय, बोलतोय... विडा संपेपर्यंत भैरोजी रणूला स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल सांगायला लागला होता. मी पेन फेकून मारलं प्रशांतला. त्याने ते झेलून खिशाला लावलं.

हायवेवर काय झालं ते पोलिसांकडून आणि ढाब्यावरच्या पोऱ्यांकडून कळलं. घोटीहून तांदूळ घेऊन निघालेला एक टेम्पो एका कारला घासला. कारमधली चार पोरं उतरली आणि त्यांनी ड्रायव्हरला खाली ओढून लाथांनी तुडवायला सुरुवात केली. बघणारे पुष्कळ होते, मोबाइल वर धरून. प्रशांतने स्कूटर लावली. पळत गेला तो ड्रायव्हरच्या अंगावरच वाकून उभा राहिला आणि पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "दादा, आधी पाणी प्या. मग बोलू. तो कुठं पळतोय का?" एकाने बाटली घेतली म्हणे. दुसऱ्याने मागून डोक्यात लोखंडी रॉड घातला. एकदा नाही. खाली पडल्यावरही मारत राहिले. मी त्याला शवागारात पाहिलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

पोरं पकडली गेली. मला ते पुरेसं वाटत नाही. मला त्यांची बोटं एकेक करून मोडायची होती, अजूनही आहेत, आणि हे छापून आलं तरी मला लाज वाटणार नाही. दहाव्याला रामकुंडावर प्रशांतचा एक चुलतभाऊ म्हणाला, "मधे पडायचं काय नडलं होतं त्याला? शहाणपणा करायला गेला अन् बायकोला उघड्यावर टाकलं." मी त्याची कॉलर धरली. चांगली आवळली. चहाचे कप पुढे करणारं तिथे कुणी नव्हतं... वैशालीने, प्रशांतच्या बायकोने, येऊन माझी बोटं सोडवली. ते वाक्य तिने ऐकलं होतं.

काही आठवड्यांनी आम्ही तिघं परत टेबलाशी बसलो आणि अडलो. खेळाडू आला नाही की त्याचं पात्र तापाने आडवं आहे असं धरायचं, ही आमच्या टेबलाची रीत. त्यामुळे रंगराव छावणीत तापाने आडवा होता. आणि दुसरी रीत अशी की कुणाचंही पात्र त्याच्या खेळाडूच्या हाताने फासे पडल्याखेरीज मरत नाही. मी म्हटलं, रीत गेली चुलीत. त्याच्या हातात तलवार द्या, भैरोजीची अख्खी पागा कापून काढू दे, रक्ताने न्हाऊन मरू दे. इरफान म्हणाला, "मेरेकू नाही जमणार. मी त्याला जहाजावर घेतो, लांब सोडतो कुठंतरी." मकरंद म्हणाला, वैशालीला विचारू.

ती आली. खेळात कधी न बसलेली, शनिवार वाया जातो म्हणून कुरकुरणारी वैशाली प्रशांतच्या खुर्चीवर बसली आणि माझा बेत तिने पूर्ण ऐकून घेतला.

"ताई, तलवार नका देऊ," ती म्हणाली. "मला तो ओळखू येणार नाही."

"मग काय करायचं?"

"जे झालं तेच होऊ द्या. मधे पडला आणि मारला गेला. फक्त ज्याच्यासाठी पडला तो वाचला पाहिजे." मग मकरंदकडे वळून म्हणाली, "मी रोज सिव्हिलला जाते. तो ड्रायव्हर अजून डोळे उघडत नाहीये. तोही गेला तर सगळे म्हणतात तेच खरं, भावजी. उगाच मेला."

मकरंदने गोष्ट सुरू केली. रंगराव तापातून उठला. भैरोजीची माणसं धान्याच्या एका गाडीवानाला तुडवत होती. रंगराव लंगडत गेला, मधे उभा राहिला, बोलला. फासे वैशालीने टाकले. रंगराव पडला. मग गाडीवानासाठी तिने फासे उचलले, मुठीत बराच वेळ धरले आणि टाकले. दोन्हीवर एकेक.

याहून वाईट दान नसतं. इरफान म्हणाला, "भाभी, हात हलला, परत टाका." वैशालीने मान हलवली. "पडलं ते पडलं. तो कधी परत टाकायचा का?" नाही टाकायचा. मकरंदने गाडीवानावर काट मारायला कागद पुढे ओढला. आमच्या खेळात एकाचा वार दुसऱ्याने अंगावर घ्यायची मुभा आहे. इतक्या वर्षांत ती मी एकदाही वापरली नव्हती. माझी रणू वार करायची, घ्यायची नाही. आणि भैरोजी तिथे समोरच उभा होता, पाठमोरा, एका घावात संपला असता.

"मी मधे पडते," मी म्हटलं.

मकरंदने मान वर केली. "रणूचा उजवा हात जाईल, ज्योती. कायमचा."

"जाऊ दे. गाडीवान जगला असं लिही."

वैशाली तेव्हा रडली. प्रशांत गेल्यापासून पहिल्यांदा, असं तिने नंतर सांगितलं.

टेम्पोचा ड्रायव्हर आता शुद्धीवर आहे, बायकोला ओळखतो, चालता येत नाही अजून. त्याचा फाशांशी काही संबंध नाही, एवढं मला कळतं. शनिवार चालू आहेत. रणूला तलवार धरता येत नाही, म्हणून मागच्या आठवड्यात भैरोजी पुन्हा अंगावर आला तेव्हा तिला बोलावं लागलं. मला असलं बोलता येत नाही. मी अडखळले, भलतंच काहीतरी बोलले, रागाने कान तापले. शेवटी मी भैरोजीला विचारलं, "नाईक, गुडघा कसा आहे तुमचा?"