बावीस सीटचे पाटे

आमच्या जीपने माझ्या आईचा मणका दाबला. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण गाडी भावाची असली तरी ती घ्यायचा हट्ट माझा होता. मिलिटरीच्या लिलावातली जीप. चारही चाकांना ताकद, गिअरजवळची छोटी दांडी ओढली की गिरणा नदीच्या रेतीतूनसुद्धा बाहेर यायची. मागचे पाटे मात्र पार बसलेले. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या त्या चळती, ज्यांच्यावर गाडी झुलते. आमची झुलत नव्हती, आदळत होती. भडगावच्या वाटेवर एका खड्ड्यात माय मागच्या बाकावरून वीतभर उडाली आणि खाली आली ती कण्हतच.

जळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि धक्का म्हणून लागू द्यायचा नाही अशी तंबी दिली. झालं, एसटी बंद, बैलगाडी बंद. दीड वर्ष माय घरात. इकडे नदीपलीकडे चार कोसांवर तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, डोळ्यांनी गेलेली, खाटेला खिळलेली. तिकडून कुणी आलं की माय आधी विचारायची, ती जेवते का. मग पुढे काही विचारायचीच नाही, नुसती भिंतीकडे बघत बसायची. मला मेलं ते बघवायचं नाही. एक दिवस मी सांगून टाकलं की गाडीचं बूड मी नीट करून आणते आणि मायला मावशीकडे नेते.

भावाला घेऊन धुळ्याला गेले. हायवेला पाटेवाल्यांची दुकानं होती, त्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी लावली. तो सगळं भावाशीच बोलायला लागला, माझ्याकडे बघेचना. मी हायस्कूलवरची सायन्सची बाई! मी त्याला स्प्रिंगवर सरळ धडाच दिला. त्याने मुकाट ऐकून घेतला आणि शेवटी एकच विचारलं, "सीट किती बसवता?"

भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "बावीस." खोटं नव्हतं. दोंडाईचाच्या एका लग्नाहून आम्ही एकदा बावीस माणसं कोंबून आणली होती आणि त्याचा मला फार अभिमान होता. मिस्त्रीने पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं. माझी छाती फुगली. जाड स्प्रिंग दाबायला जास्त वजन लागतं, हे मी दरवर्षी नववीच्या पोरांकडून घोकून घ्यायची, आणि त्या दिवशी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे.

मिस्त्रीने काम मात्र चोख केलं. ट्रकच्या जातीचे जाड पाटे, नवे बुश, नवे शॉकप. गाडी मागून अशी वर आली, की गाय उठताना आधी मागचे पाय उचलते ना, अगदी तशी दिसायला लागली. घरी आल्यावर मी परीक्षा घेतली. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या हातात धरून मागे बसले आणि भावाला म्हटलं, चल नदीपर्यंत. पहिल्याच गचक्याला पाणी माझ्या पदरावर, दुसऱ्याला तांब्या माझ्या कपाळावर. टेंगूळ आलं. भाऊ इतका हसला की त्याला गाडी थांबवावी लागली.

मी दुसऱ्याच दिवशी तणतणत धुळ्याला. मिस्त्रीने टेंगूळ बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, बावीस माणसं बसवा, मग बोला. तुमची गाडी लोण्यासारखी जाईल." पाटे कमी करून द्या म्हटलं तर कामं अडलीत, पंधरा दिवसांनी या म्हणाला. पंधरा दिवस! मावशीने अन्न कमी केल्याचा निरोप आदल्याच दिवशी आला होता. मायने तो ऐकला होता, आणि त्या दिवशी तिनेही भाकरी तशीच परत पाठवली होती. आता माझ्या बावीसच्या फुशारकीपायी ह्या दोघींची भेट राहिली तर मी स्वतःला तोंड कसं दाखवणार होते?

भावाने तोडगा काढला, मागे रेतीची पोती टाकू. पोती चढवायला घेतली तशी माय भिंतीला धरत ओट्यावर आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वजनच पाहिजे ना? मंग पोतं कसाले? मानसे नहीत का गावमा?"

आता आली का पंचाईत! तुम्ही जाड आहात म्हणून चला, असं कुणाला कसं सांगायचं? मी गल्लीत घरोघर जाऊन, माय मावशीला भेटायला जातेय, सोबत याल का, असं गोड बोलून विचारलं. विचारलं मात्र निवडून निवडून. तासाभरात सगळ्या गल्लीला मेख कळली. ज्यांना बोलावलं त्या आधी फुगल्या, मग हसल्या आणि लुगडी बदलायला गेल्या. भांडायला आली ती शेजारची काटकुळी काकू, जिला मी विचारलंच नव्हतं. मला हलकी समजतेस काय, म्हणाली. तिलाही घेतलं.

मागे मधोमध गादी घालून मायला टेकवून बसवलं. दोन्ही बाकांवर मिळून दहा जणी, पुढे भावाशेजारी मी आणि आणखी दोघी. निवडलेल्या दहा म्हणजे साध्या पंधरा होत्या, मिस्त्रीचा हिशेब बराचसा जुळला. गाडीचं बूड खाली आलं. मावशीला आधी कळवायला हवं होतं, पण फोन एक तर पोस्टात, आणि तिकडे तोही नाही. शिवाय अवचित गेलं की तिला किती आनंद होईल, असं मायचंच म्हणणं.

रेतीत भावाने दांडी ओढली. गाडी खालीवर होत निघाली, पण आदळली कुठे नाही. काठ चढताना मी मागे वळून बघितलं तर माय चक्क शेजारणीला वाट दाखवत होती. इथे आम्ही दोघी बहिणी बोरं वेचायचो, इथे ती मला पाठुंगळी घ्यायची. दीड वर्षात मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. मला रडू येत होतं आणि मांडीवर बसलेल्या काटकुळ्या काकूचं कोपर बरगडीत रुतत होतं.

मावशीच्या दारात गाडी थांबली. बायका भराभर उतरल्या, मायला शेवटी उतरवायचं होतं म्हणून. आमच्याकडे गाडी भरून बायका येतात त्या एकतर लग्नाला, नाहीतर कुणी गेलं की दारावर रडायला. लग्न तर घरात नव्हतं. ओट्यावरच्या खाटेवरून मावशीने तेवढ्या बांगड्या, तेवढी पावलं ऐकली, आणि दीड वर्ष घरात पडलेल्या बहिणीचंच काही झालं, असं ती नुसती आवाजावरून समजून बसली. तिने जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. "गई वं मनी बहीन! माले न भेटताच गई!"

हा विचार आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आला नव्हता. आणि गाडीतून, गादीवरून, मायचा आवाज आला.

"मी जित्ती शे वं!"

मावशीने मान आवाजाकडे वळवली. भावाने आणि मी मायला धरून ओट्यापर्यंत नेलं. मावशीने हात पुढे केले, मायचं तोंड चाचपलं, कान चाचपले, कानातली कुडी दोन बोटांत धरून बघितली. तरी तिला खरं वाटेना. ती पुन्हा रडायला लागली, त्याच सुरात, तेच शब्द, आता थांबवताच येईना. मायने मला बाजूला सारलं. डॉक्टरांनी तिला वाकायला सक्त मनाई केली होती. ती कमरेतून पार खाली वाकली आणि मावशीचं डोकं तिने पोटाशी धरलं.